अ‍ॅमस्टरडॅम: कालव्याकाठच्या जुन्या घरातल्या बुटीक हॉटेलात वयस्कर आईला घेऊन राहावे का?

शरयू | १२ जानेवारी

नमस्कार. येत्या मे महिन्यात आईला घेऊन पाच रात्रींसाठी अ‍ॅमस्टरडॅमला जायचे आहे. विमानाची तिकिटे काढून झाली, व्हिसाची कागदपत्रे जमवून झाली, पण मुक्काम कुठे करावा यावर घोडे अडले आहे. आई ७२ वर्षांची आहे. साताऱ्यातल्या शाळेत तिने ३० वर्षे इतिहास शिकवला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा धडा आला की ती फळ्यावर कालव्याकाठच्या व्यापाऱ्याचे घर काढत असे, अगदी माल वर ओढायच्या लोखंडी आकड्यासकट. ज्या घरांविषयी इतकी वर्षे मुलांना सांगितले, त्यांतल्या एखाद्या घरात झोपून सकाळी उठावे, एवढी तिची इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाट रस्त्यावर ती तास-दीड तास आरामात चालते, पण जिना मात्र सावकाश आणि कठड्याला धरूनच चढावा लागतो.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. कायझर्सग्राख्त या कालव्यावर सतराव्या शतकातली दोन घरे जोडून केलेले एक छोटे बुटीक हॉटेल आहे, ज्याच्या आतली सजावट पूर्णपणे आधुनिक आहे. दुसरे शहराबाहेरच्या मेट्रो स्थानकाजवळचे मोठ्या साखळीतले हॉटेल आहे आणि त्याचा दर जवळजवळ निम्मा आहे. बुटीक हॉटेलात जुन्या घरात राहिल्याचा अनुभव खरोखर मिळतो का, की बाहेरची भिंत तेवढी जुनी आणि आत सगळे कुठेही सापडेल असे असते? आईच्या गुडघ्याच्या दृष्टीने तिथे राहणे शहाणपणाचे ठरेल का? ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ | १२ जानेवारी

शरयूताई, आम्ही दोघे २०१८ साली अशाच एका हॉटेलात चार रात्री राहिलो होतो. हॉटेलचे नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका हॉटेलची नसून त्या घरांच्या बांधणीची आहे.

संकेतस्थळावर 'लिफ्ट उपलब्ध' असे स्पष्ट लिहिले होते आणि लिफ्ट होतीही. परंतु दोन वेगवेगळी घरे जोडलेली असल्यामुळे त्यांचे मजले एका पातळीत नव्हते. लिफ्ट पहिल्या घराच्या मजल्यांवर थांबत असे आणि आमची खोली होती दुसऱ्या घरात. त्यामुळे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पाच पायऱ्या वर, मग एक अरुंद बोळ आणि पुन्हा तीन पायऱ्या खाली, अशी वाट होती. पायऱ्या इतक्या उभ्या की उतरताना माझे अख्खे पाऊल पायरीवर मावत नव्हते आणि मी तिरका होऊन उतरत असे. माझ्या पत्नीला संधिवात आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की आता संध्याकाळी एकदा वर आले की मी पुन्हा खाली उतरणार नाही.

म्हणून 'लिफ्ट आहे का' एवढेच विचारून थांबू नका. रस्त्यापासून खोलीतल्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, हे त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.

वास्तुपथिक | १३ जानेवारी

गोदाकाठ यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करताना मी दोन वर्षे हॉलंडमध्ये होतो, त्यामुळे या घरांच्या रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. रचना कळली की खोली निवडणे फार सोपे जाते.

अ‍ॅमस्टरडॅमचा कालव्यांचा पट्टा १६१३ पासून आखून खोदला गेला. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे त्यातले तीन मुख्य कालवे, आणि २०१० मध्ये या संपूर्ण पट्ट्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पाण्याकडे तोंड असलेली जागा मोलाची होती, म्हणून भूखंड रुंदीला कमी आणि खोलीला भरपूर पाडले गेले. साधारण ३० अ‍ॅमस्टरडॅम फूट, म्हणजे साडेआठ मीटरच्या आसपास, अशी त्यांची ठरावीक रुंदी होती. इतक्या अरुंद घरात ऐसपैस जिन्याला जागा देणे परवडणारे नव्हते, आणि उभ्या जिन्याचे मूळ तिथे आहे.

आता आत शिरू. रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली अर्धतळमजला असतो. पाच-सात दगडी पायऱ्या चढून गेले की उंच छताचा मुख्य मजला येतो, जिथे घरमालक पाहुण्यांना भेटत असे. त्याच्यावरचे मजले क्रमाने ठेंगणे होत जातात आणि सगळ्यात वर माळा असतो. मिरी, दालचिनी, कापड, धान्य असा माल माळ्यावर ठेवत, कारण तिथे ओल पोहोचत नसे. हा माल जिन्याने नेणे अशक्य होते, म्हणून दर्शनी भिंतीच्या शिखराशी बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा. तुमच्या आई फळ्यावर काढत होत्या तो हाच. ओझे वर चढताना भिंतीला आपटू नये यासाठी कितीतरी घरांची दर्शनी भिंत मुद्दाम पुढे झुकवून बांधलेली आहे. ती पुढची कलती भिंत म्हणजे बांधणाऱ्याचा विचार. घर डावी-उजवीकडे कललेले दिसले तर मात्र तो पाया खचल्याचा परिणाम समजावा.

पाया लाकडाचा आहे. वरच्या मऊ मातीतून सुमारे १२ मीटर खाली वाळूचा घट्ट थर लागतो आणि तिथपर्यंत लाकडी खुंट ठोकलेले असतात. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खुंट आहेत. हे लाकूड भूजलात बुडलेले असेपर्यंत शतकानुशतके टिकते, पण पाण्याची पातळी उतरून त्याला हवा लागली की कुजायला लागते. शेजारच्या दोन घरांचे पाया वेगवेगळ्या वेगाने खचतात, आणि ती घरे जोडून हॉटेल केले की गोदाकाठ यांना भेटलेल्या त्या पाच पायऱ्या आणि तीन पायऱ्या जन्माला येतात.

शरयूताई, माझा सल्ला असा की 'मागच्या घरात' तळाशी खोली मागा. बहुतेक खोल भूखंडांवर पुढचे घर आणि मागचे घर असे दोन भाग असतात, आणि त्यांच्यामध्ये उजेडासाठी लहान चौक असतो. मागच्या घरापलीकडे बाग असते. या बागांच्या जागेत इमारत उभी करू नये असा नियम सतराव्या शतकापासूनच होता, म्हणून त्या आजही टिकून आहेत. तिथून कालवा दिसणार नाही, पण जिना टळेल आणि रात्री शांत झोप लागेल.

मोचेमाड | १३ जानेवारी

वास्तुपथिक, फार सुंदर माहिती. एक शंका विचारतो. घराच्या दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून घरे अरुंद बांधली, असे तिथल्या नावेतल्या वाटाड्याने आम्हाला सांगितले होते. सिंगेल कालव्यावरचे ७ क्रमांकाचे घर दाखवून तो म्हणाला होता की कर वाचवायला मालकाने घर एक मीटर रुंद बांधले.

शरयूताई, तुमच्या आईंसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी वेंगुर्ल्याजवळचा. आमच्या वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. छप्पर कधीच गेले, भिंतींतून झाडे उगवली आहेत, पण दगड-चुन्याचे काम पाहण्यासारखे आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीची ती वखार, आणि गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायलाही डचांना तिचा उपयोग होत असे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. कालव्याकाठचे ते माळे पाहिले तेव्हा मला प्रथम कळले की आमच्या पडक्या वखारीचे दुसरे टोक इथे आहे.

वास्तुपथिक | १३ जानेवारी

मोचेमाड, कराची ती गोष्ट जवळजवळ प्रत्येक नावेत ऐकायला मिळते, पण मुख्य कारण तेच होते असे मी मानत नाही. भूखंडच ठरावीक रुंदीचे पाडले गेले होते, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हेरेनग्राख्तच्या प्रसिद्ध वळणावर दोन-दोन भूखंड एकत्र करून रुंद वाडे बांधलेच. सिंगेलवरच्या त्या घराची पुढची बाजू अरुंद आहे हे खरे, पण आत गेल्यावर ते रुंद होत जाते.

वखारीविषयी तुम्ही लिहिलेत ते वाचून फार बरे वाटले.

प्राजक्त | १४ जानेवारी

मी वेगळे मत मांडते. आईवडिलांना घेऊन जाताना आधुनिक बुटीक हॉटेल टाळावे, असे मला मनापासून वाटते, आणि याला कारण जिने नाहीत. कारण आतली रचना.

आम्ही राहिलो त्या खोलीत न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये फक्त काचेची भिंत होती. सासूबाई आमच्याच खोलीत होत्या. पाच दिवस एकाने आंघोळ करायची आणि बाकीच्यांनी खाली जाऊन बसायचे, असे आम्हाला करावे लागले. कपाट नव्हते, भिंतीला चामड्याचे पट्टे लावून त्यांवर कपडे टांगायची सोय होती. दिवे इतके मंद की सासूबाईंना गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरे वाचण्यासाठी मोबाइलचा उजेड घ्यावा लागे. दिव्यांची बटणे एका काळ्या काचेच्या पट्टीत लपलेली होती आणि रात्री उठल्यावर ती सापडत नसत. ज्या माणसाने ती खोली सजवली त्याच्या डोळ्यांसमोर साठीच्या पुढचा माणूस कधी आलाच नसावा. म्हाताऱ्या माणसाला रात्री तीनदा उठावे लागते, आणि त्या वेळी हाताला बटण लागणे ही चैन नव्हे.

साखळी हॉटेलातली खोली रटाळ असेल, पण न्हाणीघराला दार असते, भिंतीला धरायला दांडी असते आणि लिफ्ट थेट मजल्यावर नेते.

रमाकाकू | १४ जानेवारी

मी गेली २१ वर्षे अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये राहते, आणि इकडे येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाबरोबर हा प्रश्न सोडवते आहे, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट पैशांची. इथला पर्यटक कर २०२४ पासून खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून मुक्कामावरचा व्हॅट ९ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेला आहे. मूळ दर २०० युरो असेल तर ४२ युरो व्हॅट आणि २५ युरो पर्यटक कर धरून रात्रीचे २६७ युरो होतात. म्हणून दोन हॉटेलांची तुलना करताना दोन्ही आकडे सर्व करांसह आहेत ना, हे आधी पाहून घ्या. कित्येकदा हा कर हॉटेल सोडताना वेगळा मागितला जातो आणि माणसे गोंधळतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 'हॉटेल नको, कुणाचे घरच भाड्याने घेऊ' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. कालव्याकाठच्या वस्तीतून माणसे निघून जात आहेत, शेजारच्या घरात दर आठवड्याला नवे पाहुणे येतात, जिन्यात सामानाच्या चाकांचा रात्रभर आवाज असतो, ही इथल्या लोकांची फार जुनी तक्रार आहे. म्हणून राहते घर पर्यटकांना देण्यावर २०१९ पासून वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आली. हॉटेलांवरही बंधन आले. २०२४ पासून नियम असा आहे की एक हॉटेल बंद झाल्याशिवाय दुसरे नवे उघडता येत नाही आणि एकूण खाटांची संख्या वाढवता येत नाही. रीतसर परवाना असलेल्या छोट्या हॉटेलात राहणे हे या शहराच्या दृष्टीने कुणाच्या तरी राहत्या घरात घुसण्यापेक्षा कितीतरी बरे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शरयू, आईंचे वय आणि इच्छा पाहता मी तुला कालव्याकाठीच राहा असे सांगेन. शहराबाहेरच्या हॉटेलातून रोज दोनदा मेट्रो आणि ट्राम बदलण्यात तिची अर्धी शक्ती जाईल. दुपारी तासभर आडवे व्हायला खोली चालण्याच्या अंतरावर असली, तर ती संध्याकाळी पुन्हा ताजी होऊन बाहेर पडेल. मे महिन्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

निळाई | १५ जानेवारी

प्राजक्त, तुमची अडचण मला पूर्ण समजते आणि काचेच्या भिंतीविषयी मी तुमच्याच बाजूने आहे. पण आधुनिक सजावटीमुळे जुन्या घराचा अनुभव हरवतो, असे इथे अनेकांनी गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही.

'बुटीक हॉटेल' हा प्रकार नावारूपाला आला १९८० च्या आसपास. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल यांचे ब्लेक्स आणि न्यूयॉर्कमध्ये इयन श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांचे १९८४ चे मॉर्गन्स ही त्याची सुरुवातीची नावे. खोल्या थोड्या, एका माणसाची ठाम दृष्टी आणि इमारतीचा स्वतःचा स्वभाव, ही त्यामागची कल्पना. याच हेम्पेल यांनी १९९९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला कायझर्सग्राख्तवर हॉटेल केले, जे आज डिलन नावाने चालते. त्या जागेचा इतिहास तुमच्या आईंना फार आवडेल. तिथे १६३८ मध्ये शहराचे नाट्यगृह उघडले. ते बांधणारा याकोब फान काम्पेन हाच पुढे डाम चौकातल्या त्या खुंटांवरच्या राजवाड्याचा वास्तुकार झाला. १७७२ मध्ये नाटक चालू असतानाच आग लागून नाट्यगृह जळाले, पुढे ती जागा गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेकडे गेली, आणि नाट्यगृहाची दगडी कमान मात्र आजही दाराशी उभी आहे. तिथे राहणे परवडले नाही तरी कमानीतून आत जाऊन कॉफी पिता येते.

दुसरे उदाहरण म्हणजे शहरातल्या पुलांवरच्या रखवालदारांच्या चौक्या. पूल उघडण्याचे काम दूरनियंत्रणाने होऊ लागल्यावर या चौक्या रिकाम्या पडल्या, आणि त्यांतल्या २८ चौक्यांची प्रत्येकी एका खोलीचे हॉटेल अशी योजना झाली. खिडकीखाली पाणी आणि आत दोन माणसांपुरती जागा. प्रिन्सेनग्राख्तवरच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीतही डच सजावटकार मार्सेल वांडर्स यांनी सजवलेले हॉटेल २०१२ पासून आहे.

जुन्या घरात नकली पुराणवस्तू मांडून ठेवण्यापेक्षा आजचे आहे ते आजचे म्हणून दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तीनशे वर्षांपूर्वीची तुळई आणि तिच्याखाली साधे पांढरे प्लास्टर, एवढेच असले की नजर आपोआप तुळईवर जाते. वाईट सजावट ती, जी तुळई झाकून टाकते. म्हणून खोलीचे छायाचित्र मागवताना छताचे मागवा, असे मी सांगेन.

प्राजक्त | १५ जानेवारी

निळाई, छताचे छायाचित्र मागवण्याची सूचना फार चांगली आहे आणि मी ती लक्षात ठेवीन. त्याच्या जोडीला न्हाणीघराच्या दाराचे आणि पलंगाशेजारच्या दिव्याचेही छायाचित्र मागवावे, एवढी भर घालते.

वाटसरू | १६ जानेवारी

वास्तुपथिक यांनी 'मागच्या घरा'विषयी लिहिले आहे, त्यावरून एक गोष्ट सांगतो. प्रिन्सेनग्राख्त २६३ हे अ‍ॅन फ्रँकचे घर १६३५ सालचे. जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत आठ ज्यू माणसे नाझींपासून तिथे लपून राहिली ती अशाच मागच्या घरात. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त पुढचे घर दिसते आणि मागे आणखी एक घर असेल असा संशयही येत नाही. मी कालव्याकाठच्या हॉटेलात मागच्या खोलीत राहिल्यानंतर तिथे गेलो होतो. चौकाच्या पलीकडे असलेल्या खोलीत पुढच्या रस्त्याचा आवाज किती अस्पष्ट येतो आणि वरच्या लाकडी फळ्यांवर एक पाऊल पडले तरी खाली किती स्पष्ट ऐकू येते, हे दोन रात्री स्वतः अनुभवलेले होते. दिवसभर अनवाणी आणि कुजबुजत राहण्याचा अर्थ मला तिथे कळला.

शरयूताई, तिथली तिकिटे दर मंगळवारी सहा आठवडे पुढच्या तारखांसाठी खुली होतात आणि लगेच संपतात, म्हणून तारीख आतापासून लिहून ठेवा. आतले जिने फार उभे आहेत. आईंना ते जमतील का, याचा आधी विचार करा.

आणखी एक. मे महिना ठीक आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी वातानुकूलनाची चौकशी करावी. २०१९ च्या जुलैमध्ये हॉलंडचे तापमान प्रथमच ४० अंशांवर गेले, तेव्हा मी तिथल्या माळ्यावरच्या खोलीत होतो. संरक्षित इमारतीच्या दर्शनी भिंतीवर यंत्र बसवता येत नाही आणि छताखालची खोली रात्रभर भट्टीसारखी तापलेली राहते.

रमाकाकू | १६ जानेवारी

वाटसरू यांच्या सूचनेत मी एकच भर घालते. हॉटेलसमोर कालव्याच्या भिंतीचे काम चालू आहे का, हेही विचारा. १ सप्टेंबर २०२० रोजी ग्रिमबुर्गवाल इथली कालव्याची भिंत पाण्यात कोसळली, आणि तेव्हापासून जुन्या भिंती तपासून दुरुस्त करण्याचे काम जोरात आहे. अशा सुमारे २०० किलोमीटर भिंती या शहरात दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असल्यामुळे ते अनेक वर्षे चालणार आहे. काम आवश्यकच आहे, पण सकाळी खिडकीखाली यंत्र सुरू झाले तर झोप मोडते, आणि टॅक्सी दारापर्यंत येत नाही ती वेगळीच गोष्ट.

शरयू | २० जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. वेंगुर्ल्याच्या वखारीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

मी हॉटेलला सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी उत्तरात कबूल केले की मुख्य दाराला सात पायऱ्या आहेत आणि लिफ्ट त्यांच्यानंतर सुरू होते. मात्र अर्धतळमजल्याच्या दाराने आत गेल्यास तीनच पायऱ्या उतराव्या लागतात आणि तिथून मागच्या घरातल्या बागेलगतच्या खोलीपर्यंत जमीन सपाट आहे. त्या खोलीच्या न्हाणीघराला दार आहे. त्यांनी छताचे छायाचित्रही पाठवले आणि त्यात तुळया उघड्या दिसतात. समोरच्या भिंतीचे काम मे महिन्यात नसेल, असेही कळवले. पाचऐवजी चार रात्री राहायचे ठरवून मी ती खोली घेतली आहे. पाचवी रात्र स्खिपोल विमानतळाजवळ काढू.

गोदाकाठ | २० जानेवारी

उत्तम निर्णय. त्या तीन पायऱ्यांना कठडा आहे का, तेवढे विचारून घ्या.

शरयू | ७ जून

परत येऊन दोन आठवडे झाले. इथे इतक्या जणांनी वेळ काढून लिहिले होते, म्हणून काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य समजते.

गोदाकाठ, त्या तीन पायऱ्यांना कठडा नव्हता. भिंतीतल्या लोखंडी कड्यांतून ओवलेला जाड दोर होता आणि आईला तो धरून उतरावे लागले. पहिल्या दिवशी ती घाबरली, दुसऱ्या दिवसापासून तिला सवय झाली, पण ज्याचा हात थरथरतो त्याला तो दोर पुरणार नाही हे स्पष्ट लिहिते. न्याहारीची खोली पुढच्या घराच्या मुख्य मजल्यावर होती. तिथे जायला पुन्हा पायऱ्या होत्या आणि हे मला पत्रात कुणी कळवले नव्हते. पहिल्या सकाळी मी तसे सांगितल्यावर त्यांनी रोज बागेच्या दाराशी छोटे टेबल मांडून न्याहारी तिथेच आणून दिली. वरच्या खोलीतल्या माणसाच्या चालण्याचा आवाज वाटसरू यांनी लिहिल्याप्रमाणे अगदी स्पष्ट येत होता.

आता खोलीविषयी. भिंती पांढऱ्या, पलंग बुटका, खुर्ची पोलादी नळीची आणि जमीन नव्याने सपाट केलेली. वरच्या तुळया मात्र जुन्याच होत्या आणि त्या जमिनीला समांतर नव्हत्या. पलंगावर आडवे होऊन पाहिले की एका बाजूला जवळजवळ वीतभर उतार दिसत असे. एक तुळई भिंतीलगत खाली वाकलेली होती. आईने उभी राहून तिच्यावरून हात फिरवला, तेव्हा तिच्या बोटांना खाचा लागल्या. चष्मा लावून पाहिले तर शेजारीशेजारी कोरलेल्या चार उभ्या रेघा होत्या. कोणती तुळई कुठे बसवायची हे कळावे म्हणून सुतारांनी केलेली ती खूण आहे, असे तिथल्या मुलीने सांगितले. आई त्यानंतर बराच वेळ त्या रेघांवर बोट ठेवून उभी होती. निळाई, तुमचे म्हणणे मला तिथे पटले. खोलीत आणखी काही मांडलेले असते तर त्या रेघा आम्हाला दिसल्याच नसत्या.

बागेत रोज सकाळी एक राखी बगळा येऊन कुंपणाच्या भिंतीवर बसत असे. अ‍ॅन फ्रँकच्या घरी मी एकटीच गेले. आईने जिन्यांविषयी ऐकून आधीच नकार दिला होता. मी परत येईपर्यंत ती वेस्टरकेर्क या चर्चसमोरच्या बाकावर बसून राहिली.

माझ्या मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की, अनुभव खरा मिळाला, परंतु तो खोलीच्या निवडीवर अवलंबून होता. याच हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची कालव्याकडची खोली घेतली असती, तर चार दिवस मी आईला जिन्यात सांभाळण्यातच घालवले असते. कर धरून आम्हाला शहराबाहेरच्या हॉटेलाच्या दुपटीहून थोडे अधिक पैसे पडले. ते पैसे गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

मोचेमाड | ७ जून

शरयूताई, फार मनापासून लिहिले आहेत. आईंना तो आकडा प्रत्यक्ष वापरात असलेला पाहायला मिळाला का?

शरयू | ८ जून

हो, आणि तो अगदी योगायोगाने. तिसऱ्या दिवशी समोरच्या काठावरच्या एका घरात कुणीतरी राहायला येत होते. रस्त्यावर दोन माणसे होती आणि वरच्या खिडकीत एक. आकड्याला कप्पी अडकवून दोर सोडला होता आणि त्याला हिरवा सोफा बांधला होता. खालची माणसे दोर ओढत होती आणि सोफा सावकाश फिरत वर जात होता. आई कालव्याच्या कठड्याला टेकून संपूर्ण वेळ पाहत राहिली. सोफा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी पोहोचला तेव्हा भिंत आणि त्याच्यामध्ये हातभर अंतर राहिले होते. ती म्हणाली, "मी ३० वर्षे भिंत सरळ काढली."

रात्री तिने हॉटेलच्या कागदावर ते घर पुन्हा काढले, भिंत पुढे झुकलेली, दोर लोंबता आणि सोफा बांधलेला. तो कागद ती आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना देणार आहे, कारण फळ्यावरून उतरवून घेतलेले जुने चित्र त्या अजून वापरतात.